ई-कचऱ्याची नियमावली व वस्तूचे आयुष्य : एक चिकित्सा

नियमावली ही वाङ्मयकृती नव्हे आणि तिच्याकडून कोणी रसनिष्पत्तीची अपेक्षाही करीत नाही. तथापि तीही शब्दांचीच रचना असते. तिच्यात कर्ता, कर्म व क्रियापद असते. आणि कर्त्याच्या जागी कोणाला बसविले आहे, कर्माच्या जागी कोण आहे व कोण वाक्याबाहेरच राहिला आहे, हे पाहिले म्हणजे ती रचणाऱ्यांची समाजाविषयीची कल्पना पुष्कळशी उघड होते. केंद्र सरकारने २ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध केलेली व १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेली ई-कचरा (व्यवस्थापन) नियमावली या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखात ती तशी वाचण्याचा प्रयत्न आहे. वाचनासाठी जागा निवडली आहे ती वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे या गावातील सामान्य घराच्या माळ्याची. कारण ज्या वस्तूंविषयी ही नियमावली बोलते, त्या अखेरीस अशा माळ्यांवरच सापडतात.

प्रथम गावाविषयी दोन शब्द. वर्धा-नागपूर लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हे गाव निराळे; आपली सिंदी मेघे ती नव्हे. जनगणनेच्या परिभाषेत सिंदी मेघे हे 'जनगणना नगर' आहे. लोकसंख्या, वस्तीची दाटी व लोकांचे व्यवसाय या कसोट्यांवर अशी वस्ती नगर ठरते, परंतु तिला नगरपरिषद मिळालेली नसते. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. परिणाम असा की, घरात येणाऱ्या वस्तू शहराच्या असतात आणि त्या घराबाहेर पडू लागल्या म्हणजे त्यांना सामोरी जाणारी संस्था गावाची असते. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाई यंत्र, इन्व्हर्टर, दोन-चार भ्रमणध्वनी व त्यांचे डझनभर चार्जर ही आजच्या मध्यम स्थितीतील कुटुंबाची मालमत्ता होय. २०१६ च्या नियमावलीने स्थानिक संस्थांची कर्तव्ये सांगताना केवळ नागरी संस्थांचा विचार केला होता. २०२२ च्या नियमावलीने त्यांत ग्रामीण संस्थाही घेतल्या, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. सिंदी मेघेसारख्या अर्धनागर वस्त्यांना कायद्याच्या नकाशावर त्यामुळे प्रथमच जागा मिळाली. कर्तव्यासोबत साधने किती मिळाली हा प्रश्न वेगळा, आणि त्याकडे पुढे यावयाचे आहे.

या विषयावरील आपले कायदे तीन टप्प्यांनी आले. २०११ ची नियमावली १ मे २०१२ पासून, २०१६ ची १ ऑक्टोबर २०१६ पासून आणि सध्याची २०२३ पासून लागू झाली. तिन्हींचा कणा एकच आहे. वस्तू बाजारात आणणाऱ्या उत्पादकानेच तिच्या अंताची जबाबदारी घ्यावी, हे ते तत्त्व. २०१६ मध्ये नियमांच्या कक्षेत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता त्या १०६ आहेत. कक्षा पाचपटीने वाढली. परंतु याच प्रवासात एक पात्र रंगभूमीवरून नाहीसे झाले, आणि त्याची दखल फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. २०१६ च्या नियमावलीत 'ग्राहक' हा कर्तव्यांचा एक स्वतंत्र कर्ता होता. त्याने आपला ई-कचरा अधिकृत केंद्राकडे, विक्रेत्याकडे किंवा पुनर्चक्रकाकडे द्यावा, असे त्यात म्हटले होते. २०२२ च्या नियमावलीत हे कर्तव्य फक्त 'मोठ्या ग्राहका'चे राहिले आहे. आणि मोठा ग्राहक कोण, तर ज्याने आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी निदान एक हजार विद्युत् वा इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरली अशी संस्था. उत्पादक, निर्माता, नूतनीकरण करणारा व पुनर्चक्रक या चौघांची नोंदणी होते. सिंदी मेघेतील गृहिणी या वाक्यांत कोठेच नाही. उत्पादकाने जनजागृती करावी असे कलम आहे, त्यात ती असलीच तर कर्माच्या जागी आहे.

यावर कोणी म्हणेल, घरातील माणसाला कायद्याच्या कचाट्यात न अडकविणे ही दयाच नव्हे काय? काही अंशी आहे. घरोघर जाऊन जुन्या रिमोटचा हिशेब मागणारा निरीक्षक कोणालाच नको. परंतु कर्तव्यातून वगळला गेलेला माणूस अधिकारातूनही वगळला जातो, हा कायद्याच्या भाषेचा नेहमीचा अनुभव आहे. या नियमावलीत घरगुती ग्राहकाला वस्तू परत देण्याचा निश्चित मार्ग, तिचा निश्चित मोबदला, किंवा ती दुरुस्त करून मिळण्याचा हक्क यांपैकी काहीही आपल्या नावावर मागता येत नाही. २०१६ च्या नियमांत अनामत रक्कम घेऊन ती वस्तू परत आल्यावर सव्याज देण्याच्या योजनेचा निदान उल्लेख तरी होता.

मूळ मुद्दा मात्र याहून खोल आहे व तो व्याख्येत दडलेला आहे. नियमावलीच्या व्याख्येप्रमाणे ई-कचरा म्हणजे कचरा म्हणून टाकून दिलेले संपूर्ण वा अंशतः उपकरण, तसेच निर्मिती व दुरुस्ती यांच्या क्रियेत नाकारले गेलेले भाग. म्हणजे टाकण्याच्या क्रियेपासून नियमांची कथा सुरू होते. टाकण्यापूर्वी काय घडले, वस्तू का टाकावी लागली, आणखी पाच वर्षे ती टाकली गेली नसती तर काय, हे सारे व्याख्येच्या अलीकडे राहते. मराठी घरात मात्र वस्तू अशी एकाएकी कचरा होत नसे. तिच्या उतरणीला पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला शब्द होता. वापरातून गेलेली पण टाकवत नाही अशी ती अडगळ. फुटक्या भांड्याला डाग देऊन घेत, कल्हई करून घेत. अगदीच निकामी झाले तर ते मोडीत घालून तेवढ्या वजनाचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करून घेत. जुने लुगडे बोहारणीकडे जाऊन त्याचे भांडे होई. भंगार त्याच्याही खालचे, पण त्यालाही भाव असे. ज्याला कसलाच भाव नाही, तो कचरा. ही परिभाषा अर्थशास्त्राची आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. 'ई-कचरा' या एका समासाने या सर्व पायऱ्या सपाट केल्या. शब्द नवा, सोपा व सर्वत्र रूढ झालेला आहे, त्याला विरोध करून उपयोग नाही. परंतु ज्या वस्तूत तांबे, ॲल्युमिनियम व थोडेसे सोने आहे आणि जिच्यातील दहा भागांपैकी नऊ चालू आहेत, तिला पहिल्याच उच्चारात कचरा म्हणण्यात एक निर्णय आधीच घेतला जातो, हे अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

या पायऱ्यांची हयात असलेली खूण पाहावयाची असेल तर विदर्भातील कूलर पाहावा. पत्र्याची टाकी, एक पंखा, पाणी चढविणारा लहानसा पंप आणि तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्या, एवढाच त्याचा संसार. दर वर्षी उन्हे तापू लागली की तो माळ्यावरून वा गच्चीवरून खाली येतो. ताट्या बदलतात, टाकीला गंज चढला असल्यास रंगाचा हात फिरतो, बुश झिजले असल्यास नवे बसते, कंडेन्सर गेला असल्यास तो थोडक्या पैशांत मिळतो. मोटार जळाली तर कोपऱ्यावरचा कारागीर तिचे वाइंडिंग पुन्हा करून देतो. या वस्तूत असा एकही भाग नाही, की जो बिघडल्याने सबंध वस्तू मोडीत काढावी लागेल. आता त्याच खोलीत भिंतीवर बसविलेले वातानुकूलन यंत्र घ्या. त्याचा यांत्रिक भाग सुस्थितीत असतो, पण आतील 'कार्ड' जाते. ते दुरुस्त करण्यास आकृती उपलब्ध नसते, तयार कार्ड मिळाले तर त्याची किंमत ऐकून मालक नव्या यंत्राची चौकशी करू लागतो. दोन्ही वस्तू थंडावा देतात. दोन्ही तोलून पाहिल्या तर त्यांचे वजन कमी-अधिक भरेल. परंतु पहिलीचे आयुष्य मालकाच्या व कारागिराच्या हातात आहे, दुसरीचे बनविणाऱ्याच्या. ई-कचरा कमी करण्याचा प्रश्न वस्तुतः या फरकाचा प्रश्न आहे, आणि वजनाच्या मापाने हा फरक दिसत नाही.

नियमावली वजनाने मोजते, हे येथे सांगितले पाहिजे. उत्पादकाचे उद्दिष्ट कसे ठरते ते पाहू. एखाद्या वस्तूचे सरासरी आयुष्य ठरवून दिलेले आहे; शीतकपाटाचे १० वर्षे धरले जाते. इतक्या वर्षांपूर्वी जेवढा माल बाजारात आणला, त्याच्या ठराविक हिश्श्याइतक्या वजनाच्या पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे उत्पादकाने मिळवावयाची. हा हिस्सा २०२३-२४ व २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के व २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. गणित स्वच्छ आहे. पण या गणितात आयुष्य हे गृहीत आहे, अट नाही. उत्पादकाने आपली वस्तू दहाऐवजी पंधरा वर्षे टिकेल अशी केली, तर तिच्या खात्यात या नियमांनी काहीही जमा होत नाही. वस्तू पुनर्चक्रणास योग्य व्हावी अशी तंत्रे वापरावीत, निरनिराळ्या निर्मात्यांचे भाग परस्परांना जुळावेत, अशी वाक्ये नियमावलीत आहेतच. परंतु त्यांना ना माप आहे, ना मुदत. मापाशिवायचे कर्तव्य हे प्रस्तावनेतील सुभाषितासारखे असते.

पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे कोणत्या आधाराने मिळतात, तेही महत्त्वाचे आहे. सोने, तांबे, लोह व ॲल्युमिनियम या चार धातूंच्या प्राप्तीवर ती बेतलेली आहेत. 'पुनर्चक्रण' या शब्दाने चाक पूर्ण फिरून मूळ जागी आल्याचे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात चार धातू परत येतात. टँटलम, निओडिमियम यांसारखी अल्पांशाने असलेली द्रव्ये बहुधा हरवतात. आणि शिसे, पारा यांसारखी घातक द्रव्ये कमाईच्या रकान्यात नसल्यामुळे केवळ खर्चाच्या रकान्यात उरतात. जगाच्या पातळीवरही चित्र फार निराळे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लक्ष टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्के एवढाच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणास गेल्याची नोंद आहे.

या नियमावलीतील सर्वांत चांगले कलम नूतनीकरणाचे आहे, हे निःसंकोचपणे म्हणावे. जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली तर उत्पादकाचे त्या वजनापुरते दायित्व पुढे ढकलले जाते, आणि वाढलेले आयुष्य संपल्यावर ढकललेल्या दायित्वापैकी ७५ टक्केच त्याच्या खात्यात येते. म्हणजे दुरुस्तीला २५ टक्क्यांचे बक्षीस आहे. पण हे बक्षीस मिळते ते नोंदणीकृत नूतनीकरणकर्त्याच्या प्रमाणपत्रावर. गृहस्थाने आपला संच गल्लीतील कारागिराकडून दुरुस्त करून घेतला व आणखी सात वर्षे वापरला, तर ई-कचरा खरोखर कमी झाला. पण वस्तू कधी टाकलीच गेली नसल्यामुळे कोणत्याही खात्यात त्याची नोंद नाही. सूक्ष्म उद्योगांना ही नियमावली लागूच नाही, त्यामुळे तो कारागीरही हिशेबाबाहेर. सर्वांत स्वस्त, सर्वांत निर्धोक व सर्वांत जुना उपाय या हिशेबाला दिसत नाही, ही प्रस्तुत लेखकाच्या मते या रचनेची मूलभूत उणीव होय.

वस्तूचे आयुष्य व दुरुस्तीचा खर्च यांना नियमाच्या भाषेत बसविणे अशक्य आहे, असा आक्षेप येऊ शकतो. त्याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या जाहिरातीच्या अटी आज वाचल्या असता आश्चर्य वाटते. चरखा हलका व सुटसुटीत असावा, खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालविता यावा, स्त्रीला आठ तास काम करूनही फार श्रम पडू नयेत, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, तो हिंदुस्थानात बनावा. इथपर्यंतच्या अटी अपेक्षित म्हणता येतील. पण पुढे असे आहे की, वेळोवेळी देखभाल केली असता यंत्र निदान वीस वर्षे न अडता चालले पाहिजे, आणि ही देखभाल वर्षाला यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक खर्चाची नसावी. दीडशे रुपयांच्या यंत्राला वर्षाकाठी साडेसात रुपये! शिवाय विजेत्या यंत्राच्या पेटंटाचे हक्क संघाकडे यावयाचे होते. म्हणजे यंत्र कसे बनते व कसे दुरुस्त होते हे ज्ञान कोणा एकाच्या कुलुपात राहू नये, अशी योजना होती.

घरगुती उपकरणाची इतकी नेमकी व्याख्या त्या काळात अन्यत्र क्वचितच सापडेल. तिच्यात टिकाऊपणा हा गुणवर्णनाचा विषय नसून आकड्याचा आहे. दुरुस्ती हा वस्तू बिघडल्यानंतरचा अपघात नसून वस्तूच्या घडणीचाच भाग आहे. हीच पाच टक्क्यांची कसोटी आजच्या पंधरा हजार रुपयांच्या भ्रमणध्वनीला लावली तर वर्षाला साडेसातशे रुपये होतात. पडदा फुटला की त्याच्या अनेक पट रक्कम मोजावी लागते, हे वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

अर्थात ही स्पर्धा अयशस्वी झाली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. किर्लोस्करवाडीला तयार झालेले एक यंत्रही कसोटीसाठी गेले होते, पण ते अटींना उतरले नाही. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. त्यावरून कोणी अटीच अवास्तव होत्या असे म्हणेल. उत्पादनाची अट कठीण होती खरी. परंतु वीस वर्षांची व पाच टक्क्यांची अट अवास्तव होती असे म्हणता येणार नाही. शिवणयंत्रे, सायकली व वर सांगितलेला कूलर या अटीच्या आसपास सहज पोचतात.

सिंदी मेघेहून जवळच असलेल्या मगनवाडीत हा विचार पुढे चालू राहिला. अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये झाली व जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम तेथून चालविले. मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा 'मगन दीप' ही तेथील एक निर्मिती. कुमारप्पांनी तुरुंगात लिहिलेला व १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेला स्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ पर्यावरणाच्या चर्चेत आता पुष्कळदा उल्लेखिला जातो, पण बहुधा केवळ नमस्कारापुरता. त्यांच्या विवेचनातील एक भेद आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो. निसर्गातील काही संपत्ती प्रवाहासारखी असते, ती वापरली तरी पुन्हा भरून येते. काही साठ्यासारखी असते, जेवढी काढावी तेवढी कमी होते. खनिजे, कोळसा, पेट्रोलियम दुसऱ्या वर्गातील. साठ्यावर उभारलेली व्यवस्था क्षणिक आणि शेवटी कलहाला कारण होणारी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या माळ्यावरील प्रत्येक वस्तू साठ्यातून आलेली आहे. तिचे आयुष्य दुप्पट झाले तर साठ्यावरील मागणी निम्म्यावर येते. तिचे पुनर्चक्रण झाले तर काही धातूंपुरती मागणी कमी होते, आणि त्यासाठीही पुन्हा इंधन लागतेच. दोन उपायांमधील हा दर्जाचा फरक कुमारप्पांच्या चौकटीत स्वच्छ दिसतो, २०२२ च्या चौकटीत दिसत नाही.

परंतु वर्ध्याच्या परिसरात राहून कुमारप्पांचे नाव घेताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जुने ते टिकाऊ व म्हणून चांगले, अशी एक भाबडी समजूत त्यांच्या चाहत्यांत आढळते. सर्किट-फलक हे कुंभाराच्या चाकावर घडत नाही. त्याचे विष मडक्याच्या खापरासारखे निरुपद्रवी नसते. जुन्या शीतकपाटात आर-१२ हा वायू असू शकतो व वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट आहे; असे कपाट वीजही अधिक खाते. ते वीस वर्षे चालविणे हे पुण्यकर्म नव्हे. जुन्या जोडणीच्या झाळकामात कथिलाबरोबर सुमारे ३७ टक्के शिसे असे. बंद खोलीत रोज झाळ देणाऱ्या कारागिराने हवा खेळती ठेवली नाही, हात धुतल्याशिवाय जेवण केले, तर दुरुस्तीचीही किंमत मोजावी लागते. तेव्हा आयुष्यवृद्धी हा निरपवाद नियम नसून वस्तूगणिक तपासावयाचा निकष आहे. पंखा, मिक्सर, कूलर, संगणक, भ्रमणध्वनी यांना तो जवळजवळ पूर्णपणे लागू पडतो. ज्यांचा मुख्य भार वापरातील विजेचा आहे, त्यांना मर्यादेने.

सरकारला ही उणीव जाणवली नाही असे नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे संकेतस्थळ उघडले, आणि २०२४ साली नेमलेल्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये 'दुरुस्तीक्षमता निर्देशांका'चा आराखडा सादर केला. वस्तू उकलण्याची सुलभता, दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांची वेळेवर उपलब्धता, आज्ञावलीचे अद्ययावतीकरण, हत्यारे व जोड-खिळे हे तिचे सहा निकष. यांत सुट्या भागांच्या किमतीला स्वतंत्र स्थान नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लागू केलेल्या निर्देशांकात भागांची किंमत हा पाच निकषांपैकी एक आहे. आपल्या १९२९ च्या जाहिरातीतही ती होती. निदान तेवढा एक निकष वर्ध्यातील मंडळींना परदेशातून उसना घ्यावा लागला नसता. दुसरे असे की, हा विषय ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि ई-कचरा पर्यावरण मंत्रालयाकडे. वस्तूचे जीवन एका दप्तरात व मरण दुसऱ्या दप्तरात, अशी ही वाटणी आहे. जोवर दुरुस्तीक्षमतेचा गुण उत्पादकाच्या पुनर्चक्रणाच्या उद्दिष्टाला जोडला जात नाही, तोवर दोन्ही आकडे परस्परांना ओळखणार नाहीत.

आता ज्या वस्तूंचे आयुष्य खरोखर संपले, त्यांच्याकडे वळू. घर सिंदी मेघेत आणि नोंदणीकृत पुनर्चक्रकाचा कारखाना कोठेतरी औद्योगिक वसाहतीत. मधले अंतर कोणी चालावयाचे, याचे उत्तर नियमावलीत नाही. व्यवहारात ते कबाडी चालतो. तो दारात येतो, काटा लावतो, रोख पैसे देतो. गृहस्थाच्या दृष्टीने त्याच्याइतकी कार्यक्षम संस्था दुसरी नाही. प्रमाणपत्रांच्या किमतीला २०२४ मध्ये खालची व वरची मर्यादा घालण्यात आली, त्याविरुद्ध काही कंपन्या २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. या सर्व वादात किलोमागे किती रुपये हा मुद्दा आहे, पण त्या रुपयांपैकी किती दारापर्यंत पोचतात हा नाही. कबाडी देतो तो भाव तांब्याचा असतो, आणि तांबे काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तारा जाळणे. आवरणातील पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषे निर्माण होतात व तांबे त्या क्रियेला मदतच करते. फलकावरील सोन्यासाठी आम्लाचा वापर होतो तो दिल्लीचे सीलमपूर, मुरादाबाद यांसारख्या ठिकाणी. तेथवर माल पोचविणाऱ्या साखळीची पहिली कडी मात्र कोणत्याही गल्लीत असू शकते. यात सर्वाधिक हानी सोसणारा माणूस हा साखळीतील सर्वांत गरीब माणूस असतो, आणि त्याचे मूल त्याहून अधिक. कारण शिशाचा घात वाढत्या मेंदूवर अधिक होतो.

कबाड्याला हटवून हा प्रश्न सुटणार नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी शहरातील घरोघरच्या संकलनाचे काम अंगावर घेतले; त्यांत ई-कचऱ्याचे संकलनही आले. तोडण्याचे व जाळण्याचे काम त्यांच्याकडून काढून गोळा करण्याचे व वेगळे करण्याचे काम मोबदल्यासह त्यांच्याकडे देणे, ही त्यामागची दिशा आहे. पुण्याएवढी संघटना वर्ध्याजवळच्या ग्रामपंचायतीला शक्य नाही; पण दिशा तीच घेता येईल. घराकडूनही काही अपेक्षा आहेत व त्या लहान आहेत. वस्तू सबंध द्यावी. कॉम्प्रेसर वा तार स्वतः कापून भाव वाढवू नये. फुगलेली बॅटरी वेगळी ठेवावी, तिला निराळे नियम आहेत. जुना भ्रमणध्वनी आतील माहिती पुसून लवकर द्यावा; खणात पाच वर्षे ठेवलेला फोन दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचाही राहत नाही.

ग्रामपंचायतीने आरंभ कोठून करावा, याचे उत्तर नियमावलीच्याच एका शब्दात आहे. ज्या वस्तूचा उत्पादक आता अस्तित्वात नाही वा ओळखता येत नाही, तिला तेथे 'अनाथ' म्हटले आहे व तिची व्यवस्था स्थानिक संस्थेकडे दिली आहे. शब्द विचित्र आहे. ज्या घराने वस्तू वीस वर्षे सांभाळली त्याला कोणी पालक मानलेले नाही. पण काम खरे आहे. आपल्या माळ्यांवर अशा अनाथांत सर्वांत अधिक भरणा असेल तर तो जुन्या, पाठीमागे फुगीर दूरचित्रवाणी संचांचा. त्यांच्या चित्रनलिकेच्या नरसाळ्यासारख्या काचेत वजनाच्या सुमारे पंचमांश शिशाचे ऑक्साइड असते. चार धातूंच्या प्रमाणपत्रात या काचेला मोल नाही. कबाडी त्यातील तांब्याचे वेटोळे काढून घेतो. काच नाल्याच्या कडेला पडते. तेव्हा पंचायतीने वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी माळे रिकामे होतात त्या आठवड्यात, फक्त हे संच न फोडता स्वीकारावेत, कबाड्याला प्रत्येक सबंध संचामागे ठराविक रक्कम द्यावी आणि भरलेली गाडी नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे पावती घेऊन पाठवावी. पावतीची एक प्रत पंचायतीच्या फलकावर लावण्यास वेगळा खर्च नाही.